कासवीची बाजू

संग्रहालयातले सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. तो मुळात सुतार. काचेच्या पेट्यांच्या चौकटी दुरुस्त करायला, दारांना बिजागऱ्या बसवायला म्हणून कामाला लागलेला. एके दिवशी माहिती सांगणारे गृहस्थ आजारी पडले, दारात साठ मुलं येऊन उभी राहिली, आणि समुद्राच्या दालनात शिडीवर चढलेला हा पठ्ठ्या वरूनच म्हणाला, "या रे पोरांनो, हा सम्राट पेंग्विन. थाट बघा साहेबांचा! जेवायला बोलावलंय आणि ताट वाढायचं विसरलेत, असा उभा आहे." मुलं खो खो हसली. शिक्षिकाही हसल्या. दोन महिन्यांत त्याच्या हातातला रंधा सुटला आणि माहिती सांगायची छडी आली.

पण तो नुसता बोलघेवडा नव्हता, हेही सांगायला हवं. संग्रहालयाच्या वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक त्याने सहा महिने उशाशी ठेवलं होतं. जे कळलं ते वहीत उतरवलं, जे कळलं नाही ते मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. बोलायला कमी, पण विचारलं की खुर्ची पुढे सरकवणाऱ्या. "रेडिओ, तू आमच्या निम्म्या पदवीधरांना भारी पडशील," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. ते वाक्य त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तिनेच ते त्याच्या आधी म्हणायला सुरुवात केली.

त्याचा हुकमी एक्का म्हणजे कासव आणि पेंग्विन. समुद्राच्या दालनात दोन मोठ्या पेट्या समोरासमोर होत्या. एकीत हिरव्या समुद्री कासवाची पेंढा भरलेली मादी, वाळूत अर्धी रुतलेली. दुसरीत सम्राट पेंग्विन नर, पायांवर अंडं आणि अंड्यावर पोटाची घडी. रेडिओ बरोबर मधे उभा राहायचा आणि छडी आधी कासवीकडे करायचा.

"ही बाई बघा. वजन दीडशे किलो. किनाऱ्यावर येते, खड्डा करते, शंभर अंडी घालते, वर वाळू ढकलते आणि चालू पडते! जुनी माणसं सांगतात, कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते. कुठली नजर आणि कुठलं काय! ही मागे वळूनसुद्धा बघत नाही. पिल्लं जगली काय, मेली काय, हिच्या गावीही नसतं." मग टाचेवर गर्रकन वळून, "आणि हा बाप बघा! बर्फ, वादळ, खायला कण नाही. दोन महिने अंडं पायांवर घेऊन उभा. अंडं खाली टेकलं तर गोठेल, म्हणून पाऊल उचलत नाही. आता मला सांगा, कासवीच्या बाजूने कोण? हात वर!"

एकही हात वर यायचा नाही. पोरं "शीऽऽ" करायची. "पेंग्विनच्या बाजूने?" आणि मग हातांचं रान उगवायचं. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांनी रेडिओचा जेवणाआधीचा सगळा शीण उतरायचा. दिवसातून चार वेळा, अकरा वर्षं.

ही अकराच्या अकरा वर्षं त्या दालनाची फरशी पुसायला एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. वयाने त्या रेडिओपेक्षा लहानच असतील, पण तोही मावशीच म्हणायचा. सफाईवाल्या बाईला हाक मारायची ती एक सोय असते. या कुणाच्या मावशी, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या काम चोख करायच्या, काचेवर मुलांच्या बोटांचे डाग पडले की लगेच टिपायच्या. रेडिओचा कार्यक्रम सुरू झाला की बादली उचलून बाजूच्या खांबामागे उभ्या राहायच्या. त्याला वाटायचं, मावशी ऐकायला थांबतात. एकदोनदा तर त्याने त्यांच्याकडे बघून डोळेही मिचकावले होते.

एके दिवशी मावशी आपण होऊन त्याच्याकडे आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "दादा, उद्या माझी पाहुणी यायची आहे. बहिणीची मुलगी. एकोणीस वर्षांची आहे. परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश घ्यायला शहरात आलीय. तिला जरा नीट दाखवाल का सगळं?"

"नीट म्हणजे? मावशी, तुमची भाची म्हणजे आमची पण भाची. असं दाखवतो की जन्मात विसरणार नाही!"

मावशी हसल्या. त्यांना हसताना त्याने क्वचितच पाहिलं होतं.

मुलगी आली. तरतरीत, वेणी पुढे टाकलेली, प्रत्येक पाटी थांबून वाचणारी. त्या दिवशी एक शाळाही आली होती, त्यामुळे दालन भरलेलं. रेडिओला चेव चढला. कासवीचं वर्णन करताना त्याने चार पावलं चालूनही दाखवली, पाठ फिरवून, हात झटकत. पोरं लोळायची बाकी राहिली. आणि शेवटी हात वर करायला सांगण्याऐवजी त्याने छडी थेट त्या मुलीकडे केली. "ताई, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही निकाल द्या. कुणाची बाजू?"

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागल्यावर ती जराशी लाजली. मग हसून म्हणाली, "पेंग्विनचीच की. असली आई असण्यापेक्षा नसलेली बरी!"

जो काही हशा पिकला! "ऐकलंत?" रेडिओ ओरडला, "नसलेली बरी!" आणि टाळ्या थांबेपर्यंत तो वाकून वाकून नमस्कार करत राहिला. मावशी खांबापाशी होत्या. त्यांनी बादली उचलली आणि त्या बाहेर गेल्या. पाणी बदलायला गेल्या असतील, असं त्याला वाटलं. खरं तर वाटलंही नाही. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

ते वाक्य त्याला इतकं आवडलं की दुपारच्या मुलांना त्याने ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी चारही वेळा ऐकवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाच्या खिडकीशी उभा राहून तो खिडकीवाल्या बाईंना सांगत होता, "मावशींच्या भाचीने काय टोला हाणला म्हणून सांगू! माझ्या अकरा वर्षांत..."

खिडकीवाल्या बाई मावशींबरोबर रोज डबा खायच्या. जिभेला धार होती, पण मन मऊ. त्यांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "रेडिओ, तुला बंद करायचं बटण कुठे असतं रे?"

"का? काय झालं?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खिडकी लोटून घेतली आणि बाजूच्या दाराने बाहेर आल्या. "ती भाची नाही. तिची पोटची मुलगी आहे."



"नवरा गेला तेव्हा पोर अडीच वर्षांची. हिला काम मिळालं ते एका आजारी म्हातारीच्या घरी, दिवसरात्र राहायचं, आणि लहान मूल चालणार नाही म्हणाले. बहिणीला मूल नव्हतं. तिच्याकडे ठेवली. वर्षभरासाठी म्हणून ठेवली होती. पोर तिला आई म्हणायला लागली, रुळली, शाळेत गेली. मग हिचा धीरच झाला नाही उपटून आणायचा. पण रेडिओ, ती बहीण दर वर्षी कागदावर त्या पोरीच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवून कागद पाठवायची, आणि ही तो कागद घेऊन बुटांच्या दुकानात जायची. सोळा कागद आहेत तिच्याकडे. मी पाहिलेत. आता बहीणच म्हणाली, मुलगी मोठी झाली, सांगून टाक. परवा जेवणाच्या सुट्टीत सांगणार होती. मागच्या बाकावर दोघी बसल्या, डबा उघडला, आणि मुलगी काय बोलत होती ठाऊक आहे? तुझ्या कासवीबद्दल. हसत होती. हिने मुकाट्याने वाढलं, जेवली आणि तिला गाडीत बसवून दिलं."

रेडिओचे कान तापले. मग मान. बाई म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं, ते मला कळतं. पण काल चार वेळा? तिच्या देखत?" आणि आत जाऊन त्यांनी खिडकी उघडली.

त्या दिवशी सकाळची शाळा आल्यावर रेडिओ गोदामात जाऊन बसला. पोट बिघडलंय, असा निरोप पाठवला. गोदामात जुन्या चौकटी होत्या, त्यातल्या काही त्यानेच ठोकलेल्या. तो एका खोक्यावर बसला आणि आपण चार पावलं कसं चाललो, हात कसे झटकले, ते त्याला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. डोळे मिटले तर जास्तच स्पष्ट दिसायचं. खांबाशी उभ्या असलेल्या मावशी. अकरा वर्षं, रोज चार वेळा. आणि आपण डोळे मिचकावत होतो.

पण सगळ्यात आत जे टोचत होतं ते वेगळंच होतं, आणि ते त्याने खिडकीवाल्या बाईंनाही सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं. मावशींचं नव्हे, कासवीचं. पुस्तकात सगळं लिहिलेलं होतं. वहीतसुद्धा होतं, त्याच्याच अक्षरात. पाण्यात पाखरासारखी तरंगणारी ती दीडशे किलोची मादी वाळूवर स्वतःला कशी ओढत नेते. मागच्या पायांनी, न बघता, किती निगुतीने खड्डा कोरते. अंडी झाकल्यावर भोवताली वाळू उडवून उडवून ती जागा कुणाला ओळखू येणार नाही अशी करते. तिथेच बसून राहिली तर दिवसाच्या उन्हात भाजून मरेल, हेही होतं. आणि पेंग्विनबद्दल होतं की तो बाप एकटा नसतो. हजारो बाप एकमेकांना चिकटून उभे असतात, आतला बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. आई समुद्रावर गेलेली असते ती खाणं आणायला. आणि ती वेळेत परतली नाही, तर उपासाने अर्धा झालेला तो बापही शेवटी पिल्लू सोडून समुद्राकडे जातो. नाहीतर दोघेही मरतील. हे त्याने पहिल्या वर्षी सांगूनही पाहिलं होतं. मुलं चुळबुळ करायची. टाळ्या मिळायच्या नाहीत. म्हणून एकेक वाक्य गाळत गाळत त्याने कासवीला पार काळी केली आणि पेंग्विनला पांढराशुभ्र.

घरी जेवताना बायकोने विचारलं, "आज रेडिओला झालंय काय?" त्याने सांगितलं. सगळं, वहीतल्या पानांसकट. बायकोने त्याच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "माफी मागितलीस का?"

"काय तोंडाने मागू?"

"ज्या तोंडाने बोललास त्याच."

दुसऱ्या दिवशी मावशी मागच्या नळावर फडकी धूत होत्या. रेडिओ जाऊन उभा राहिला. रस्ताभर वाक्यं जुळवत आला होता. ती सगळी पसार झाली आणि जे तोंडाशी आलं ते भलतंच. "मावशी, मी कासवाचं जे सांगतो ना, ते पूर्ण नाही. म्हणजे असं आहे की मादी मागच्या पायांनी खड्डा करते, तो चांगला हातभर खोल असतो, आणि नंतर ती..."

मावशींनी फडकं पिळलं. "आता मला पण शिकवताय का, दादा?"

नळाचं पाणी वाहत होतं, ते त्यांनी बंद केलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मला कळलं... बाईंनी सांगितलं."

"हं." त्या फडकी झटकून दोरीवर टाकत राहिल्या. रागावल्या असत्या, दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आपण इथे बरं वाटून घ्यायला आलो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो आणखीच ओशाळला.

"तुम्ही काय खोटं बोललात?" मावशी म्हणाल्या. "ठेवून आले ते खरंच आहे. मागे वळून बघितलं नाही हेही खरं. बघितलं असतं तर पाय निघाला नसता." मग शेवटचं फडकं हातात धरून त्या थांबल्या. "माझी आई सांगायची, कासवी लांबून नुसती बघते आणि तेवढ्यावर पिल्लं वाढतात. मी त्यावर किती वर्षं काढली. इथे कामाला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही सांगितलंत की ते काही खरं नाही. नाहीच ना खरं?"

रेडिओला उत्तर माहीत होतं. ते त्याला देता येईना. त्याने मान खाली घातली, आणि मावशी बादली घेऊन आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हाडांच्या दालनात बदली मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिथे जिने कमी आहेत.

रेडिओने बोलणं बदललं. हात वर करायला सांगणं बंद केलं. कासवी कशी येते, कशी जाते, का जाते, ते सांगायला लागला. पेंग्विनची आई कुठे गेलेली असते तेही. पहिले काही दिवस त्याची जीभ सवयीने जुन्या जागी जायची. टाळीची जागा आली की तो थबकायचा, आणि मग पुढचं वाक्य सुरू करायचा. एक शिक्षक तक्रार घेऊन मॅडमकडे गेले: मागच्या वर्षी फार मजा आली होती, या वेळी गृहस्थ सुतकी चेहऱ्याने बोलत होते.

मॅडमनी त्याला बोलावलं. तो खुर्चीवर बसलाच नाही. "मॅडम, आधी जे सांगायचो ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. मुद्दाम अर्धवट."

"मला ठाऊक होतं," मॅडम म्हणाल्या. "मी दोनतीनदा दारातून ऐकलं होतं. म्हटलं, मुलं रमताहेत तर रमू देत." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तू एकटाच नाहीस." हे ऐकून त्याला दिलासा मिळायला हवा होता. मिळाला नाही. त्यांनी त्याला दोन्ही पेट्यांसाठी नव्या पाट्या लिहायला सांगितल्या. त्याने त्या घरी नेल्या, बायकोला वाचून दाखवल्या, आणि तिने खोडायला लावलेली तीन वाक्यं खोडली.

चार महिने गेले. मावशींनी चार दिवस रजा घेतली. बहिणीकडे जाऊन आल्या. आल्यावर पूर्वीसारख्याच कामाला लागल्या. खिडकीवाल्या बाईंना विचारायचं रेडिओच्या ओठांवर अनेकदा आलं. प्रत्येक वेळी त्याने ते गिळलं.

मग एका दुपारी ती मुलगी दालनात आली. एकटी, परिचारिकांच्या वर्गाचा पांढरा गणवेश घातलेली. शेवटच्या रांगेत उभी राहिली. रेडिओने तिला पाहिलं आणि त्याच्या हातातली छडी काचेवर आपटली. तरी तो बोलला. चाचरत, एक आकडा चुकवून, पण शेवटपर्यंत बोलला. मुलं पुढच्या दालनात गेली. ती गेली नाही.

"काका, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"तुझं आणि मावशींचं? नाही. शपथेवर सांगतो."

"ते नाही विचारत. हे सगळं. हे आत्ता सांगितलंत ते."

खोटं बोलायला जागा होती. नंतर वाचलं, असं म्हणता आलं असतं. "होतं," तो म्हणाला.

"मग का नाही सांगितलंत?"

"टाळ्या पडायच्या नाहीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बघण्यात राग होता आणि तो तिने लपवला नाही. मग ती कासवीच्या पेटीकडे वळली. "मी जे बोलले ते तिने ऐकलं होतं. तिने मला घरी येऊन सगळं सांगितलं, पण ते ऐकल्याचं नाही सांगितलं. मीच आठवून आठवून काढलं, ती कुठे उभी होती ते. सांगून झाल्यावर म्हणाली, तुला जे वाटेल ते वाटू दे, मी काही मागायला आले नाही. मी एक शब्द बोलले नाही तिच्याशी. तशीच परत पाठवली."

"तुझी त्यात काही चूक नाही. मीच तुला बोलायला लावलं."

"लावलंत. पण तोंड माझंच होतं ना." तिने डोळे पुसले, रागानेच. "मी तिला हाक काय मारू? आईला आई म्हणते. तिला इतकी वर्षं मावशी म्हणत आले. आता मावशी म्हटलं तर कसं दिसेल? आणि दुसरं काही तोंडात येत नाही."

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "पण त्या हाडांच्या दालनात असतात. या वेळी तिथे फारसं कुणी नसतं."

ती बॅग खांद्यावर सरकवून गेली. रेडिओ तिच्या मागे गेला नाही. दारापर्यंतही नाही.

त्यानंतर ती महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. दोघी मागच्या बाकावर बसलेल्या दिसायच्या. कधी बोलत, कधी नुसत्या. एकदा मुलीच्या आवाजात चढ होता आणि मावशी खाली बघत होत्या. एकदा दोघी कशाला तरी हसत होत्या. ती त्यांना काय हाक मारते, हे रेडिओला कधी ऐकू आलं नाही, आणि ऐकू येईल इतक्या जवळ तो गेलाही नाही.

मावशी त्याच्याशी बोलायच्या. "दादा, तिकडचा दिवा गेलाय," "दादा, शिडी द्या जरा." त्या नळावरच्या गोष्टीचा त्यांनी पुन्हा उल्लेख केला नाही. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, आणि त्याने विचारलं नाही. कधी दाढी करताना, कधी रस्ता ओलांडताना ती चार पावलं अचानक त्याच्या डोळ्यांपुढे यायची आणि कान तापायचे. मग तो जिथे असेल तिथे क्षणभर थांबायचा, आणि पुढच्या कामाला लागायचा.